तिसऱ्या डोहाचं पाणी

किशोरी मेहेंदळेचा विषय निघाला की मस्कतमधले तिच्या ओळखीचे लोक हटकून एका शब्दावर येऊन थांबत: काटेकोर. अल् घुब्रातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाची मोदकांची उकड बिघडली किंवा कुणाच्या मुलाचं केमिस्ट्रीतलं गणित अडलं, की पहिली बेल किशोरीच्या दारावर वाजायची. गणपतीच्या जेवणाला कुणी नवं आलं आणि एखादीनं ओळख करून दिली, "ही किशोरी, पाण्याच्या लॅबमध्ये असते," तर ही लगेच दुरुस्ती करायची. "पाण्याच्या नाही हो, सांडपाण्याच्या. गटाराच्या म्हणा हवं तर." आणि त्याच दमात पानात मसालेभात वाढून घ्यायची. तिचा नवरा यशोधन, एका ऑफिसात अकाउंट्स बघणारा शांत माणूस, कपाळाला हात लावायचा. पण बायकोचं हे रोखठोक बोलणं त्याला मनातून आवडायचं.

आपल्या कामाची तिला कधीच लाज वाटली नव्हती. ती पुण्याची, नारायण पेठेत मुठेच्या अंगाला वाढलेली. घराच्या नदीकडच्या खिडक्या तिची आई उन्हाळाभर बंद ठेवायची. वडील म्हणायचे, मी याच नदीत पोहायला शिकलो, आणि लहानपणी किशोरीला वाटायचं, बाबा थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती हे कळलं तेव्हा ती कॉलेजात होती. तिथून पुढे तिनं सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. घाण पाण्याचं काय करायचं हे कुणीतरी शिकायला हवं, एवढाच तिचा विचार होता.

लग्नानंतर मस्कत. मुलगी वल्लरी थोडी मोठी झाल्यावर किशोरीला नोकरी मिळाली ती वादी मिसयालमध्ये, मस्कतपासून अडीच-तीन तासांवर, डोंगरात. खाली मस्कत भट्टीसारखं तापलेलं असलं तरी तिथे पहाटे शाल लागायची. डोंगराच्या पायऱ्यांवर डाळिंबं आणि अक्रोड, खाली खजूर आणि लिंबं, आणि दरीच्या तळाशी दगडगोट्यांतून वाहणारी वादी. वादी म्हणजे त्या देशातली नदीच, फक्त पुष्कळदा कोरडी. ही मात्र झऱ्यांवर जगणारी. उन्हाळ्यातही तिचे डोह आटत नसत.

वरच्या गावाला अलाया म्हणत, खालच्याला सुफाला. अलायात पर्यटकांसाठी हॉटेलं झाली, घरं वाढली, आणि घरोघरच्या संडासाच्या टाक्या उपसायला पिवळ्या टँकरांची रीघ लागू लागली. मग जमिनीखालून पाइप टाकले गेले आणि सांडपाणी शुद्ध करणारं एक छोटं केंद्र बांधलं गेलं. ते चालवणाऱ्या कंपनीत किशोरी एकटीच पाणी तपासणारी. रविवार ते गुरुवार ती तिथल्या क्वार्टरमध्ये राहायची, गुरुवारी संध्याकाळी घरी यायची.

केंद्रातून बाहेर पडणारं पाणी रस्त्याकडेच्या झाडांना जायचं. पण वादीला काही त्रास होत नाही ना हे बघायला दर आठवड्याला वादीतल्या तीन डोहांचं पाणी आणून तपासायचं असे. पहिला डोह केंद्राच्या वर, दुसरा रस्त्याच्या पुलाखाली. या दोन्ही ठिकाणी गाडी जाई. तिसरा खूप खाली. तिथे जायला पुलापासून मोठमोठ्या धोंड्यांवरून अर्धा तास उतरावं लागायचं. पण तिसऱ्याचंच महत्त्व जास्त, कारण सुफालाचा फलज तिथून सुरू व्हायचा. फलज म्हणजे डोंगराच्या कुशीतून काढलेला अरुंद पाट. सगळं सुफाला त्या पाटावर जगायचं. बागांना पाणी त्याचं, जनावरांना त्याचं, आणि नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, मशिदीच्या पायरीशी तोच खेळवलेला.

तिसऱ्या डोहाची वाट किशोरीला दाखवली नूरैननं.

नूरैन सुफालाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पस्तिशीतली, अंगावर काळा पायघोळ अबाया आणि पायात खेळाचे बूट. एकदा ती मुलींचा वर्ग घेऊन केंद्र बघायला आली. मुलींनी नाकं दाबली, खिदळल्या, आणि नूरैन मात्र टाकीच्या कठड्याला टेकून प्रश्नावर प्रश्न विचारत राहिली. टीव्हीवरच्या मालिका बघून बघून तिला बऱ्यापैकी हिंदी यायचं, किशोरीला मोडकी अरबी, आणि राहिलेली जागा दोघी इंग्रजीनं भरत. निघताना नूरैन म्हणाली, "तू आमचं पाणी तपासतेस, आणि आमचं पाणी बघितलं नाहीस?" आणि पुढच्याच आठवड्यात तिला तिसऱ्या डोहावर घेऊन गेली.

कण्हेरीच्या झुडपांआड हिरवागार डोह. दोघी पाय सोडून बसल्या. बोटाएवढे मासे पायाला गुदगुल्या करू लागले तशी किशोरी लहान मुलीसारखी ओरडली. परतताना नूरैनच्या घरी काहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, आणि खजूर झाले. नूरैनचे सासरे अम्मार फलजची देखरेख करायचे. कुणाच्या बागेला पाणी कधी सोडायचं, हा त्यांचा शब्द गावात शेवटचा. वजूच्या जागेपाशी शेवाळ धरलं की म्हातारा स्वतः बसून घासायचा. "बिंत अल् हिंद आली," हिंदुस्थानची लेक आली, म्हणून त्यांनी किशोरीचं स्वागत केलं, आणि त्यानंतर दर आठवड्याला नमुना घेऊन वर येताना तिची एक काहवा त्या घरी ठरूनच गेली.

अशी चार-पाच वर्षं गेली. वल्लरी अकरावीत गेली, तिला "नूरैन टीचर" माहीत झाली, एकदा सगळे मिळून सुफालाला जाऊन जेवूनही आले.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला किशोरी धोंड्यांवरून उतरताना घसरली. गुडघा पिळवटला. कसाबसा ड्रायव्हर आदिलनं तिला वर आणलं. आदिल खुलताबादचा, तिच्याशी मराठवाडी मराठीत बोलायचा. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद. किशोरीनं हे कंपनीत सांगितलंच नाही. तिची पन्नाशी जवळ आली होती, करारनामा नव्यानं व्हायचा होता, आणि वादीत उतरता येत नाही असं कळलं तर माझ्या जागी कुणी तरुण आणतील, ही भीती तिच्या मनात बसली. तिला ते काम हवं होतं. ती वादी तिला आपली वाटायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात पुलाशी गाडी थांबली. किशोरीनं दुसऱ्या डोहाची बाटली भरली आणि खाली बघितलं. धोंडे उन्हात पांढरे पडले होते. गुडघा ठणकत होता.

"मॅडम, मी जाऊन आणू का खालचं? मला काय, धा मिनिटाचं काम," आदिल म्हणाला.

"नको. नमुना तपासणाऱ्यानंच घ्यायचा असतो. नियम आहे."

असं म्हणाली, आणि तिसऱ्या डोहाची बाटली तिनं तिथेच, पुलाखालीच भरली. चिठ्ठी लावली. बर्फाच्या पेटीत ठेवली. आदिलनं बघितलं आणि तो गाडीकडे वळला. परतीच्या वाटेवर रोज लागणारी गाणी त्या दिवशी त्यानं लावली नाहीत.

एकदाच, असं तिनं मनाला सांगितलं. गुडघा बरा झाला की जाऊ. वरचं पाणी खाली जातं, खालचं वेगळं काय असणार? इतक्या वर्षांत दोन्हींत कधी फरक आला होता? दुसऱ्या आठवड्यात ती हेच म्हणाली. तिसऱ्या आठवड्यापासून काही म्हणायची गरज राहिली नाही. माणूस चुकीला एकदा जागा देतो, मग ती पाट-रांगोळी करून बसते. नूरैनला तिनं कळवलं, काम फार आहे, काहवाला येणं जमत नाही. ते मात्र तिला पहिल्या दिवसापासून टोचत होतं.

भर उन्हाळ्यात डोंगरावर ढग फुटले. तिथे पाऊस असाच येतो, दुपारी आकाश काळं होतं आणि तासाभरात वादी धोंडे गडगडवत धावू लागते. पूर आला आणि ओसरला. पुलाच्या थोडं पुढे, उताराच्या बाजूला, वादीच्या तळाखालून अलायाच्या सांडपाण्याचा मोठा पाइप पलीकडे जातो. पुरानं त्याचा सांधा निखळला होता. वर काही दिसत नव्हतं, पुलाखालचं पाणीही स्वच्छच होतं. घाण आत, वाळूगोट्यांतून मुरत मुरत खाली चालली होती.

सुफालात पहिल्यांदा बोलले ते अम्मार. पाण्याला वास येतोय. मासे मेलेत. पाण्याचा वास, रंग, चव घाणीनं बदलली तर त्या पाण्यानं वजू होत नाही, म्हणून त्यांनी मशिदीपाशी पाटाचं पाणी बंद केलं आणि पिंपं भरून बाहेरून पाणी आणवलं. गावानं कंपनीकडे तक्रार केली. कंपनीनं शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली.

किशोरीला या तक्रारीचा पत्ता लागला बैठकीच्या आदल्या दिवशी. खरं तर तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. पण ती गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या शेजारी जाऊन बसली.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद उंच धरून शांतपणे अरबीत समजावलं: दर आठवड्याला तुमच्या फलजच्या मुखाशी पाणी तपासलं जातं, पुरानंतरही तपासलं आहे, पाणी स्वच्छ आहे. सभागृहात कुजबुज झाली. अम्मार उठले आणि नाकाला हात लावून काही म्हणाले. मागच्या बाकावरचे दोन तरुण हसले. म्हाताऱ्यानं खाली बघितलं.

तेवढ्यात नूरैन उभी राहिली. आधी अरबीत बोलली, मग किशोरीला कळावं म्हणून वळून हिंदीत. "मी सगळ्यांना सांगितलं, ही बाई ऑफिसात बसून लिहिणारी नाही. तिसऱ्या डोहावर ती स्वतःच्या पायांनी जाते. ती वाट मीच तिला दाखवली. किशोरीनं सही केली असेल तर मी त्या पाण्याला हात लावीन. बाबांचं वय झालंय, पुरानंतर चिखलाचा वास येतोच." आणि किशोरीकडे बघून हसली.

किशोरीही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी सगळ्यापेक्षा तेच आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, की आपण हसलो.

बैठक संपली. लोक बाहेर पडले. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ झाली होती. शाळेच्या दारातून मशिदीची पायरी समोर दिसायची. अम्मारनी पाटाची फळी उचलली. पाणी खळखळत आलं. म्हातारा क्षणभर थांबला, मग खाली बसला, ओंजळ भरून त्यानं चूळ भरली, नाकात पाणी घेतलं, चेहरा धुतला, कोपरांपर्यंत हात, शेवटी पाय. त्याच्यामागे एकेक करून बाकीचे बसले. किशोरी दाराला धरून उभी होती. नमुन्यांच्या बाटल्यांत तिनं आयुष्यभर काय काय बघितलं होतं, आणि त्या ओंजळीत काय असू शकतं हे त्या गावात एकट्या तिला माहीत होतं. तरी ती ओरडली नाही.

एवढ्यावर थांबलं नाही. पाणी स्वच्छ असेल आणि वास येत असेल, तर कुणीतरी डोहात घाण करत असणार, असं गावातल्या काहींनी ठरवलं. डोहाच्या वर बागेत एक झोपडी होती. तिथे शफीकुल नावाचा बांगलादेशी मजूर आणि त्याचे दोन सोबती राहायचे. दोन दिवसांनी पुलावरून जाताना किशोरीला एक पिकअप दिसला. मागे गाद्यांच्या वळकट्या, एक स्टोव्ह, एक कळकट पंखा, आणि वर बसलेली तीन माणसं.

"कुठं चाललेत हे?" तिनं विचारलं.

आदिलनं गाडीचा वेग कमी केला. "हाकलून दिलं त्यांना. म्हणले, तुम्ही डोहात घाण करता." मग समोर बघतच म्हणाला, "मॅडम, मी ड्रायव्हर माणूस. मला काही बोलायला लावू नका."

"गाडी थांबव," किशोरी म्हणाली.

त्या दिवशी ती उतरली. आदिलनं बाभळीची काठी तोडून दिली, अवघड जागी हात दिला. वाटेत दोनदा ती बसली. तिसऱ्या डोहाच्या बऱ्याच अलीकडे वास आला, आणि त्या वासाशी तिची लहानपणापासूनची ओळख होती. डोहाच्या कडेला राखाडी साय धरली होती. तिनं बाटली भरली. आदिलनं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तपासणीची थाळी उजेडात धरली. मोजायची गरजच नव्हती. सगळी थाळी जंतूंच्या ठिपक्यांनी भरून गेली होती.

मॅनेजरला तिनं सगळं सांगितलं. उन्हाळ्यापासूनचं सगळं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "पाइप आजच खणायला घेतो. गावाला कळवतो की फलज वापरू नका, पुरामुळे पाइप आत्ताच फुटला. आधीचं आधी. कशाला उकरायचं? खलास."

"पण ते खरं नाही."

"पाणी स्वच्छ होईल, हे तर खरं आहे ना?"

आणि इथेही किशोरी तत्काळ काही बाणेदार बोलली असं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. "बरं," म्हणाली, आणि गुरुवारी संध्याकाळी घरी आली.

घरी आल्यावर तिनं यशोधनला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त गोंधळला, जणू बायकोच्या जागी दुसरं कुणी बसलंय. "तू?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं समजुतीच्या सुरात, "मॅनेजर म्हणतो ते प्रॅक्टिकल आहे गं. पाइप होतोय दुरुस्त. आता सांगून कुणाचं काय भलं होणार?"

वल्लरी फ्रिजपाशी उभी होती. तिचं मराठी अडखळत यायचं. "आई, मग... नूरैन टीचरला अजून वाटतंय की तू रोज... आय मीन, दर वेळी खाली गेली होतीस?"

"हो."

"अँड तू तिला तसंच वाटू देणार?"

किशोरीनं ताट उचललं आणि मोरीपाशी कितीतरी वेळ घासत राहिली.

शनिवारी सकाळी यशोधननं स्वतःच गाडी काढली. "चल. मी बाहेर थांबतो," म्हणाला.

सुफालात नूरैननं दार उघडलं आणि नेहमीसारखं तिला जवळ घेतलं. आत बसवलं, काहवा ओतली. किशोरीनं कपाला हात लावला नाही. तिथल्या रीतीप्रमाणे पाहुण्यानं काहवा न घेणं म्हणजे काहीतरी मागायला किंवा सांगायला आलोय. नूरैनचा हात सुरईवर तसाच राहिला.

"तिसऱ्या डोहावर मी गेले नव्हते," किशोरी म्हणाली. "गुडघा दुखावल्यापासून. उन्हाळ्यापासून एकदाही नाही. पुलाखालचं पाणी भरत होते आणि त्यावर तिसऱ्या डोहाचं नाव घालत होते."

नूरैनला आधी कळलंच नाही. किशोरीनं पुन्हा सांगितलं, इंग्रजीत. मग तिला कळलं.

"गुडघा दुखत होता तर मला का नाही सांगितलंस?" नूरैन म्हणाली. "माझ्या वर्गातल्या मुली रोज तिथून उड्या मारत जातात. मी तुला धरून नेलं असतं."

किशोरीनं अनेक प्रश्नांची तयारी केली होती, हा त्यांत नव्हता.

"मी सगळ्यांसमोर उभी राहिले," नूरैन पुढे म्हणाली, अगदी हळू. "माझ्या सासऱ्यांना म्हातारा म्हटलं. त्या दिवसानंतर ते फलजकडे फिरकले नाहीत. म्हणतात, ज्याचं नाक गेलं त्यानं पाण्याचा कारभार करू नये."

ती आत गेली आणि अम्मारना घेऊन आली. त्यांना तिनं काय सांगितलं ते किशोरीला पुरतं कळलं नाही. म्हातारा ऐकत होता. वजू हा शब्द दोनदा आला. तो शब्द ऐकून किशोरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग अम्मार बोलले, आणि नूरैननं सांगितलं: "ते म्हणतात, आम्ही पाणी स्वच्छ समजून वजू केली. आमचा हेतू साफ होता, ते अल्ला जाणतो. त्याचं ओझं तू घेऊ नकोस. पण पोरं मला हसली, आणि ती तीन माणसं घराबाहेर गेली. ते तू सर्वांसमोर सांग. तुझ्या तोंडानं."

असरनंतर लोक शाळेच्या अंगणात जमले. सबंध गाव नव्हतं, पण त्या दिवशीचे बहुतेक चेहरे होते, मागे हसलेले ते दोन तरुणही. किशोरीची अरबी काहवा मागण्यापुरती आणि खुशाली विचारण्यापुरती. असलं काही बोलायला ती पुरणार नव्हती. तेव्हा नूरैन तिच्या शेजारी उभी राहिली. थोडं अंतर ठेवून.

"मी इथे येत नव्हते," किशोरी म्हणाली.

"मी इथे येत नव्हते," नूरैन अरबीत म्हणाली.

"दुसऱ्या जागेचं पाणी भरून मी तुमच्या पाण्याचं म्हणून दिलं."

नूरैननं तेही सांगितलं. आवाज सरळ, वर्गात धडा वाचावा तसा. किशोरीला वाटलं होतं, ती 'ही बाई म्हणते की' असं करत सांगेल. पण नूरैन प्रत्येक वाक्य 'मी' म्हणूनच बोलत होती. मी खोटं केलं. मला माहीत असून मी गप्प बसले. अम्मार खरं बोलत होते. त्या तिघांचा काही दोष नव्हता. आपली लाज दुसऱ्याच्या तोंडून, तीही जिनं आपल्यासाठी शब्द टाकला होता तिच्या तोंडून बाहेर पडताना ऐकणं काय असतं, ते किशोरीला त्या अंगणात कळलं. शेवटच्या वाक्याला नूरैनचा आवाज फाटला. तिनं घसा साफ केला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी काहीतरी पुटपुटत उठून गेली. त्या दोन तरुणांपैकी एकानं जाऊन अम्मारच्या डोक्याला ओठ टेकले, तसा म्हातारा त्याला थोपटून म्हणाला ते किशोरीलाही समजलं: "पुरे, पुरे."

ती निघाली तेव्हा नूरैन दारापर्यंत आली नाही.

पाइप दुरुस्त झाला. वादीच्या तळाखालून जाणारा तो भाग पुढे पुलाच्या कठड्याला बांधून वरून नेण्यात आला, म्हणजे गळला तर सगळ्यांना दिसेल. तिसऱ्या डोहाचं पाणी तपासायला कंपनीनं बाहेरची माणसं नेमली, आणि अम्मारच्या सांगण्यावरून ठरलं की त्यांच्याबरोबर दर वेळी गावातला एक माणूस जाईल. किशोरीचा करारनामा नव्यानं झाला नाही. तिनं त्याबद्दल विचारणा केली नाही. बिल्डिंगमध्ये लोकांना वाटलं, गुडघ्यामुळे सोडलं. पहिले काही दिवस तिनं तसं वाटू दिलं. मग एकदा हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, "तुमच्यासारखी काटेकोर बाई त्यांना परत मिळायची नाही," तेव्हा तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि खरं काय झालं ते सांगून टाकलं. कुणीतरी लगबगीनं चहाचा विषय काढला.

शफीकुलचा ठावठिकाणा आदिलनं काढला. तो मस्कतमधल्या अल मवालेहच्या भाजी मार्केटात ट्रक उतरवायचा. किशोरी एका सकाळी तिथे गेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी होती. टोमॅटोच्या क्रेटांच्या भिंती, ओरडा, सगळीकडे कांद्याची सालं. शफीकुल पंचविशीचा, हडकुळा. आपल्याला शोधत एक बाई आलीय हे कळल्यावर तो घाबरला. त्याला वाटलं, पुन्हा काही आळ आला.

तिनं हिंदीत सांगितलं. चूक तिची होती, डोहाचं पाणी तिनं तपासलंच नव्हतं, गावातल्या लोकांना आता ते माहीत आहे, अम्मारनी निरोप दिलाय की झोपडी रिकामी आहे, हवं तर परत ये.

तो ऐकत उभा राहिला. "हम लोग बोला था," तो म्हणाला. "हम बोला, हम नहीं किया. कोई पूछा नहीं."

"हां," किशोरी म्हणाली. "गलती मेरा था." घाबरलं की तिचं हिंदी असं मोडायचं.

"बगीचे में काम अच्छा था," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, तो नुसता आठवत होता. "लेकिन अब नहीं जाएगा. वो लोग मेरा बिस्तर रस्ते पे फेंका था."

मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला!" म्हणून हाक मारली. ट्रक लागला होता. शफीकुलनं खांद्यावरचं फडकं डोक्याला गुंडाळलं, जाता जाता वळला आणि म्हणाला, "आप उधर बाजू में खड़ा रहो, गाड़ी पीछे आएगा."

किशोरी बाजूला झाली. ट्रक मागे मागे येत तिच्याजवळून गेला, आणि तो क्रेट उतरवू लागला. आता तिथे थांबून करण्यासारखं काही नव्हतं. तरी ती बराच वेळ उभी राहिली, लोकांच्या वाटेत येत, कुणी "मॅडम, जरा" म्हटलं की काठी टेकून एक पाऊल सरकत.